उंदराला टेप कुठून मिळाली?

अहो वहिनी, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या भाऊजींच्या मोटारहोमची पायरी! हो हो, मोडली ते तुम्हाला ठाऊक असणारच. ईस्टरच्या सोमवारी गाडी परत आली तेव्हा अख्ख्या गल्लीने पाहिलं. पायरी पट्ट्याने बांधून ठेवलेली, नि त्यांच्या मिसेस, म्हणजे त्या घरच्या वहिनी, पुढच्या सीटवरून उतरल्या, चेहरा असा की काही विचारायची कुणाची छाती होऊ नये. पण ती मोडली कशी, ते कळलंय का तुम्हाला? आणि त्या लाल टेपचं? नाही ना? मग गॅस बारीक करून या. थांबते मी.

तर मार्चपासून सांगते. ती पीं-पीं तुम्हीही ऐकली असेल, तुमची खिडकी तर त्यांच्या ड्राइव्हवेवरच उघडते. जानेवारीत मुलीकडे मँचेस्टरला गेले होते ना गाडी घेऊन, रस्त्यावर सगळीकडे मीठ टाकलेलं, आणि आल्यावर गाडीला खालून साधं पाणीही मारलं नाही. तशीच कव्हर घालून ठेवली. वहिनी म्हणाल्या होत्या म्हणे, "अहो, निदान खालून धुऊन तरी घ्या." त्यावर भाऊजी काय म्हणाले असतील? "थंडी किती आहे बघ." झालं.

मार्चमध्ये गाडी बाहेर काढली, इंजिन चालू केलं आणि जी पीं-पीं सुरू झाली ती थांबेचना. आता बझर कशाला बसवलेला असतो, हे काय मी सांगायला हवं? पायरी बाहेर आणि इंजिन चालू, की ओरडायचं. पण इथे पायरी तर आत गेलेली. भाऊजी उतरून बघतात, आत. वहिनी बघतात, आत. मी आपली कुंड्यांना पाणी घालत होते... हो, पाऊस पडत होता, मग काय झालं? मलाही आतच दिसली. तरी बझर आपला ओरडतोय.

मग सुरू झाले सल्ले. जिथून गाडी घेतली त्या डीलरला भाऊजींनी फोन केला. त्याने गाडी न बघता, तिथल्या तिथे सांगितलं, अख्खं युनिट बदलावं लागेल. काही शे पौंड, वर मजुरी वेगळी, आणि पार्ट यायला तीन आठवडे. भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आधी खाली वाकून पुसून तर बघा." ते कुणीच मनावर घेतलं नाही. घरातल्या बाईने मोटारीबद्दल काही सांगितलं की ऐकायचं नसतं, तुम्हाला माहीतच आहे.

आणि नेमके पाडव्याला लेक-जावई आले.

जावई म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे, हुशार. आयटीत आहे, पुण्याचा आहे, सगळं येतं त्याला. श्रीखंडाची दुसरी वाटी संपवता संपवता फोनवर दोन व्हिडिओ बघितले आणि म्हणाला, "बाबा, सिंपल आहे. सेन्सर फॉल्टी आहे. फॉल्स अलार्म." सासरेबुवा किती खूश! दोघंही बाहेर गेले. पाच मिनिटांत पीं-पीं बंद. भाऊजी आत येऊन वहिनींना म्हणाले, "बघ, काही शे पौंड वाचले." वहिनींनी विचारलं, "केलंत काय नक्की?" तर जावई म्हणाला, "ॲडजस्ट केलं, आई."

ॲडजस्ट! लक्षात ठेवा हं हा शब्द.

अय्या, ते लायसन्सचं सांगायचंच राहिलं, त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. भाऊजींनी इथली टेस्ट १९९७ नंतर दिली, म्हणून त्यांना साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते. समोरच्या इंग्रज आजोबांनी त्याच्या आधीच दिलेली, म्हणून त्यांना साडेसात टन. आणि ते हे दर भेटीत आठवण करून देतात! सत्तरी झाली की ते आपोआप राहत नाही म्हणे, डॉक्टरचा कागद देऊन पुन्हा मागावं लागतं. आजोबांनी मागून ठेवलंय. चालवतात काय, तर छोटी होंडा. पण ठेवलंय. तर या दोघांचं आधीपासून असं... म्हणजे भांडण नाही, पण भाऊजी त्यांना कधी काही विचारायला जात नाहीत. आयुष्यभर बसच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होता तो माणूस, घरासमोर राहतो, आणि विचारायचं कोणाला, तर आयटीवाल्याला.

तर काय सांगत होते, हं, ईस्टर.

निघाले पीक डिस्ट्रिक्टला. तिथले रस्ते बघितलेत ना तुम्ही? दोन्ही बाजूंना दगडी गडगे, चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड, आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. यांची गाडी जर्मन बनावटीची. तिकडे उजवीकडून चालवतात, म्हणून घराचं दार उजवीकडे. तिकडे बरोबर, फुटपाथच्या बाजूला येतं. इकडे मात्र ते येतं ड्रायव्हरच्या बाजूला, थेट रहदारीत. घेतानाच वहिनी म्हणाल्या होत्या की मला हे दार नको. पण किंमत कमी होती ना!

सकाळी चहा झाला, वहिनींनी दार आतून लावलं नि आतूनच पुढे येऊन बसल्या. बाहेरून कोणी बघितलंच नाही. एरवी इंजिन चालू झालं की पायरी आपली आपण आत जाते. जायला हवी. नाही गेली, तर बझर. आणि बझर तर ॲडजस्ट केलेला.

तीन-चार मैल गेले असतील तशाच. अहो, समोरून दोन सायकलवाले आले, हात हलवायला लागले. तर वहिनींनीही हात हलवला! मला स्वतः सांगितलं त्यांनी. "मी म्हटलं, इकडची माणसं किती प्रेमळ." मग मागच्या ट्रॅक्टरवाल्याने दिवे मारले. भाऊजी म्हणाले, "घाई असेल त्याला," आणि कडेला घेऊन जाऊ दिलं. तो जाता जाता पायरीकडे बोट दाखवून काही ओरडला, पण काचा बंद.

आणि कॅम्पसाइटच्या फाटकाचा तो दगडी खांब. खाट्टकन!

वहिनी म्हणतात, आवाज ऐकला आणि मला वाटलं चाक निखळलं. उतरून बघतात तर पायरी मागच्या बाजूला मुडपलेली आणि खांबाला पांढरा ओरखडा. वहिनी म्हणाल्या, "आरसे कशाला असतात?" भाऊजी म्हणाले, "आरशात मी ट्रॅक्टर बघत होतो." यावर पुढचा तासभर दोघं बोललेच नाहीत. शेवटी शेजारच्या व्हॅनमधली एक बाई आली. नवरा नाही हं, ती स्वतः. तिने आधी पायरीचा फ्यूज काढायला लावला, म्हणजे मधेच मोटर फिरून कोणाची बोटं तिच्या कात्रीसारख्या सांध्यात सापडायला नकोत. मग चटई टाकून आडवी झाली, मोटरच्या दांड्याला जोडलेली पिन काढली, पायरी हाताने ढकलली. वाकल्यामुळे पूर्ण आत जाईना, म्हणून पट्ट्याने बांधून दिली. वहिनींनी तिला शंकरपाळ्यांचा डबा दिला. भाऊजी आपले सामान शोधत राहिले, कसलं सामान कोण जाणे.

आता खरी गंमत पुढे आहे.

मंगळवारी सकाळी आजोबा स्वतःहून आले. म्हणजे वहिनींनीच बोलावलं, पण तसं कोणी कोणाला सांगायचं नाही असं ठरलंय. मी तेव्हा कचऱ्याचे डबे आत घेत होते. आजोबांनी गाडीला हातसुद्धा लावला नाही. आधी विचारलं काय, तर "प्रवासात फ्रिज थंड होता का?"

भाऊजी बघतच राहिले. पायरीचं विचारायचं सोडून फ्रिज? वहिनी म्हणाल्या, "हो, श्रीखंड छान घट्ट होतं." आजोबा म्हणाले, "गुड." आणि मग समजावलं. त्यांच्याकडे आहे तसले फ्रिज गॅसवर चालतात, साइटवरच्या मेन विजेवर चालतात आणि गाडी चालू असताना बारा व्होल्टवर. इंजिन चालू झालं की आल्टरनेटरकडून एक निरोप जातो, त्याला डी प्लस म्हणतात. त्याच निरोपावर फ्रिज बारा व्होल्टवर जातो, मागच्या घराची वेगळी बॅटरी चार्ज व्हायला लागते आणि पायरीला आत जायला सांगितलं जातं. तिन्ही एकदम बंद पडलं, तर निरोपच पोचत नाही. फ्रिज चालू आणि पायरी तेवढी अडलेली, म्हणजे निरोप पोचलाय, खोट पायरीकडेच. बघा, श्रीखंडावरून! मला तर तिथेच टाळी वाजवावीशी वाटली, पण हातात डबा होता.

मग फ्यूज बघितला. आणि त्यांचा चेहरा बदलला. वीस अँपिअरच्या जागी तीसचा! "हा कोणी घातला?" भाऊजी म्हणाले, "वीसचा सारखा उडत होता." आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, फ्यूज उडत होता कारण सांध्यांत चिखल बसून पायरी जड झाली होती, मोटरला नको तेवढा जोर लागत होता. फ्यूज मोठा घातला की फ्यूज उडत नाही, वायर जळते. आणि वायर लाकडी भिंतीतून गेलीय, तिच्या वर तुमचा पलंग. वहिनींनी नुसतं भाऊजींकडे बघितलं. ते बघणं मी या बाजूने पाहिलं, वहिनी, शब्दांत नाही सांगता यायचं.

मीटर लावला. मागची बॅटरी १२.६ व्होल्ट, उत्तम. पायरीच्या प्लगपाशी? तिथेही १२.६. भाऊजींना जोर आला, "बघा, करंट आहे! मोटरच गेलीय, डीलर बरोबर होता." आजोबा काही बोलले नाहीत. खिशातून हेडलाइटचा एक जुना बल्ब काढला. खिशातून हं! तो प्लगला जोडला. तो मेला पेटला कसा, तर पिवळट, मंद. आणि मीटर घसरून आठावर. म्हणाले, काम न देता मापलं तर मीटर काहीही सांगतो. ओझं टाकलं की खरं कळतं. मग एक लांब वायर घेऊन बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट बल्बला लावली, आणि बल्ब लख्ख! म्हणजे येणारी वीज ठीक, परतीची वाट खराब. अर्थिंग. चॅसिसला जिथे अर्थची वायर बोल्टने लावलेली असते ना, तो बोल्ट बाहेर काढला तर नुसता हिरवा-पांढरा भुगा. मीठ! आजोबा म्हणाले, चेशरमध्ये विन्सफर्डला मिठाची खाण आहे, १८४४ मध्ये सुरू झालेली, या रस्त्यांवरचं कितीतरी मीठ तिथलंच, आणि त्यातलं थोडं तुम्ही घरी घेऊन आलात. पायरी बाहेर यायला जोर कमी लागतो, म्हणून ती कशीबशी येत होती. आत जायला ताकद पुरेना.

मग ते बझरकडे वळले. आणि इथे, वहिनी, जरा जवळ या.

पायरीच्या फ्रेममध्ये एक बोटभर मायक्रोस्विच असतो. पायरी पूर्ण आत गेली की त्याचं टोक दाबलं जातं आणि बझरला कळतं, आता गप्प बसायचं. त्या टोकाभोवती चिखल नि मीठ वाळून दगड झालेला. टोक दाबलंच जात नव्हतं. म्हणजे मार्चमध्ये पायरी आत होती, पण बझरच्या हिशेबी बाहेर. खोटं कोणी बोलत नव्हतं, नुसती घाण होती. जुना टूथब्रश, कोमट पाणी आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा. दहा मिनिटांचं काम. "आधी पुसून बघा," कोण म्हणालं होतं?

पण पुसल्यावरही बझर वाजेना. आता वाजायला हवा ना, पायरी बाहेर आहे, किल्ली फिरवली आहे. आजोबा वायर चाचपत चाचपत गेले आणि थांबले. वायर तुटलेली. भाऊजी पटकन म्हणाले, "उंदीर असेल. हिवाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात."

आजोबांनी ते टोक बाहेर ओढून दाखवलं. सरळ, सफाईदार कापलेलं. आणि दोन्ही टोकांना लाल इन्सुलेशन टेप, नीट गुंडाळलेली. आजोबा इतक्या गंभीरपणे म्हणाले, "फार व्यवस्थित उंदीर आहे. त्याला टेप कुठून मिळाली?"

आणि ती टेप वहिनींनी ओळखली! दिवाळीत बाल्कनीतल्या माळेला लावायला जावयाने आणलेली होती ती. उरलेली ड्रॉवरमध्ये होती. वहिनी आत गेल्या, ड्रॉवर उघडला, रिकामं रीळ घेऊन बाहेर आल्या आणि भाऊजींच्या समोर धरलं. एक शब्द नाही. भाऊजींचा चेहरा... अहो, दुधात मीठ पडावं तसा फाटला.

संध्याकाळी लेकीला फोन. स्पीकरवर. जावई म्हणाला, "आई, मी टेंपररी केलं होतं, बाबांना सांगितलं होतं की गाडी काढायच्या आधी पायरी बघा." बाबा म्हणाले, "मला नाही सांगितलं." लेक म्हणाली, "तू मला म्हणालास ॲडजस्ट केलं." मग तिकडे मँचेस्टरला काय झालं ते देव जाणे, फोन ठेवला. पण शनिवारी दोघं येतायत, आणि जावई नवी पायरी बसवायचे निम्मे पैसे देणार आहे. हे मला वहिनींनी नाही सांगितलं, भाऊजींनी यांना सांगितलं, म्हणजे खरंच असणार.

माझं विचाराल तर मला जावयाचा तेवढा राग नाही येत. तरुण आहे, व्हिडिओ बघून करतात सगळेच. मला राग आहे तो त्या डीलरचा. न बघता युनिट बदला म्हणाला. बदललं असतं तर तीच नवी पायरी त्याच कुजलेल्या बोल्टला लागली असती, दोन महिन्यांत पुन्हा रडगाणं. आणि आजोबांनी आणखी एक सांगितलं, पायरी बाहेर ठेवून गाडी चालवली आणि पोलिसांनी पाहिलं, तर गाडी धोकादायक अवस्थेत रस्त्यावर आणली म्हणून धरतात. खांब होता म्हणून निभावलं. खांबाच्या जागी तो सायकलवाला असता तर? उजव्या बाजूला, रहदारीत, गुडघ्याच्या उंचीवर लोखंड. वहिनींना ते ऐकून रात्री झोप लागली नाही म्हणे. आणि त्या हात हलवत होत्या त्याला.

आता सगळं मार्गी लागलंय. अर्थचा बोल्ट घासून नवा लावला, वर व्हॅसलिन फासलं. वीसचा फ्यूज परत बसला. बझरची वायर आजोबांनी नीट जोडून दिली, टेपने नव्हे, क्रिंपने. सांध्यांना ग्रीस लावायचं नाही म्हणाले, त्याला वाळू चिकटते. कोरडा सिलिकॉन स्प्रे मारायचा, आणि हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आलं की त्याच दिवशी खालून साध्या नळाने धुवायचं. प्रेशर वॉशर त्या स्विचवर मारायचा नाही. हे सगळं भाऊजींनी वहीत लिहून घेतलं. भाऊजींनी! आजोबांकडून! तेवढ्यात आजोबा म्हणाले, "माझ्याकडे साडेसात टनांचं आहे बरं का," पण भाऊजी हसले. पहिल्यांदाच.

अरे हो, ज्यासाठी तुम्हाला हाक मारली ते राहिलंच. तुमच्या भावाचं सेकंडहँड मोटारहोम घ्यायचं चाललंय ना, रविवारी बघायला जाणारेत ना? त्यांना सांगा, गालिचा-बिलिचा नंतर बघा. आधी पायरी बाहेर काढायला लावा. बाहेर आली की तिचा फ्यूज काढा, म्हणजे ती आपोआप आत जाणार नाही, आणि मग इंजिन चालू करायला सांगा. पायरी बाहेर, इंजिन चालू, म्हणजे बझर वाजलाच पाहिजे. काही गाड्यांत दोघं एकाच फ्यूजवर असतात, त्यामुळे गप्प राहिला तर लगेच भांडू नका, आधी विक्रेत्याला विचारा की बझर कशावर आहे. तो उत्तर द्यायला अडखळला, तर वाकून वायर बघा, आणि टेप दिसली तर किंमत कमी करून मागा.